दुसऱ्या मजल्याचा थांबा

बिनलेसच्या बुटांची लेस बांधणारा माणूस मी आयुष्यात एकदाच पाहिला, आणि नेमकी त्याच्याच प्रेमात पडले.

आमच्या इमारतीची लिफ्ट बंद होती, मी राहते तिसऱ्या मजल्यावर आणि हातात भाजीची पिशवी होती. दुसऱ्या मजल्यापाशी माझा दम संपला. दम संपला की मी नोटीस वाचते, ही माझी जुनी युक्ती. भिंतीकडे तोंड करून उभं राहिलं की येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटतं, बाई चौकस आहे. बाईची छाती भात्यासारखी हलतेय, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

'लिफ्ट बंद आहे. तसदीबद्दल क्षमस्व.' एवढीच नोटीस होती. मी ती चौथ्यांदा वाचत होते.

"फार मोठी नोटीस दिसतेय," मागून आवाज आला. "वाचून संपेना..."

वरच्या पायरीवर एक माणूस बसला होता. साठीच्या आसपासचा, करडा शर्ट, खिशाला पेचकस, शेजारी हत्यारांची पेटी. खाली वाकून बुटाशी खुडबुड करत होता.

"मी सावकाश वाचते," मी म्हटलं. "तुम्ही मात्र लेस फार मन लावून बांधताय."

"सैल झाली होती."

"तुमच्या बुटांना लेसच नाहीये."

त्याने बुटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तो हसला. हसणं अर्ध्यावर आलं आणि त्याचा खोकला झाला. तो खोकला मी ओळखला. आमच्याच जातकुळीतला.

"किती वर्षं ओढलीत?" मी विचारलं.

"चौतीस. तुम्ही?"

"तीस."

बाईमाणूस असून? असं त्याने विचारलं नाही. भुवईसुद्धा उचलली नाही. त्या क्षणी मी त्याच्या नावावर एक गुण जमा केला.

"सोडून किती झाले?"

"चौदा महिने आणि नऊ दिवस," मी म्हटलं.

"मला तीन वर्षं. दिवस मोजले नाहीत... मोजले असते तर पुन्हा ओढली असती."

तो गच्चीवर निघाला होता. लिफ्टचं यंत्र गच्चीवरच्या खोलीत असतं, त्यामुळे लिफ्ट दुरुस्त करायची तर आधी जिना चढावा लागतो. "हा विनोद मी चाळीस वर्षं लोकांना सांगितला," तो उठत म्हणाला. "आता तो मला सांगतोय."

कंपनीतून निवृत्त झालेला, पण आमच्या जुनाट लिफ्टची नाडी दुसऱ्या कुणाला कळेना म्हणून बोलावलेला. मी त्याचं नाव लिफ्टवाले ठेवलं. मी पंपांच्या कारखान्यात एकतीस वर्षं स्टोअर सांभाळलं, हे कळल्यावर मी स्टोअरबाई झाले. तरुण मुलींनो, प्रेमात गोड नावं ठेवतात असं तुम्ही ऐकलं असेल. आमची ही अशी होती.

आता माझी परिस्थिती सांगते, म्हणजे पुढचं नीट समजेल. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. एक लेक आहे, दूरच्या शहरात. सिगारेट मी माल उतरवायच्या धक्क्यावर शिकले, ट्रक येईपर्यंत करायचं काय म्हणून. ती सुटली तेव्हा डॉक्टरांनी फुप्फुसांच्या आजाराचं लांबलचक नाव सांगितलं होतं. मला वाटलं, सोडली म्हणजे सगळं परत येईल. परत आलं ते फक्त नाकाला वास येणं. आणि गेल्या हिवाळ्यात याच जिन्यात मी वीस मिनिटं बसून राहिले. हाक मारायलाही हवा नव्हती. शेजारणीने पाहिलं आणि लेकीला फोन केला.

"आई, तू माझ्याकडे चल. तळमजला आहे."

"मी ठीक आहे."

"तुझं ते 'ठीक आहे' मला पाठ झालंय. रोज सकाळी फोन लावते आणि तू उचलेपर्यंत माझाच श्वास अडकतो."

तिचं खरं होतं. पण लेकीच्या घरी मला सगळं मिळालं असतं, फक्त काम मिळालं नसतं. खुर्चीत बसवून हातात चहा दिला असता. स्वतःच्या घराची किल्ली स्वतः फिरवायची सवय असलेल्या बाईला ती खुर्ची म्हणजे अडगळीची खोली. शेवटी तह झाला. इस्पितळात आठ आठवड्यांचा व्यायामवर्ग होता. शेवटी सहा मिनिटं चालायची चाचणी. तीनशे वीस मीटर झाले तर मी माझ्या घरात, नाहीतर सामान बांधायचं. तीनशे वीसचा आकडा वर्ग घेणाऱ्या बाईंनी सांगितलेला. त्यावर लेकीने बोट ठेवलं, मी मान हलवली.

पहिल्या दिवशी वर्गात गेले तर कोपऱ्यातल्या खुर्चीवर करडा शर्ट!

"अरेच्चा... इथे कुठली नोटीस वाचायला?" तो म्हणाला.

"तुमची लेस बघायला."

वर्ग घेणारी मुलगी माझ्या लेकीच्या वयाची, गळ्यात स्टॉपवॉच. आम्ही तिला घड्याळबाई म्हणायचो, अर्थात तिच्या मागे. तिने पहिल्याच दिवशी कडक शब्दांत सांगितलं.

"सिगारेट सोडलीत, गळती थांबवलीत. फार चांगलं केलंत. पण सांडलेलं परत भरत नाही. फुप्फुसं नवी मिळणार नाहीत, पाय मात्र शिकवता येतात. तयार पाय तेवढ्याच हवेत जास्त काम करतात. दम लागेल म्हणून बसून राहिलात, तर पाय जातील. पाय गेले की दम आणखी लागेल, आणि मग तुम्ही आणखी बसाल. कळलं?"

कळलं. मग सहा मिनिटांची पहिली चाचणी झाली. लांब व्हरांडा, दोन टोकांना दोन लाल खुर्च्या, मधे तीस मीटर. एकेकाने चालायचं, बोलायचं नाही. माझे दोनशे अडुसष्ट मीटर भरले, त्याचे दोनशे एक्क्याऐंशी.

"तेरा मीटर," तो माझ्या कानाशी म्हणाला. "फार नाहीत."

"आठ आठवड्यांनी बघू," मी म्हटलं.

मग श्वासाचा धडा. नाकाने घ्यायचा, ओठांचा चंबू करून सोडायचा, गरम चहावर फुंकर घालतो तसा. घेताना दोन आकडे, सोडताना चार. पायरीवर पाऊल टाकताना श्वास सोडायचा. खुर्च्या समोरासमोर मांडलेल्या. आता बघा, साठीच्या दोन माणसांनी एकमेकांकडे तोंड करून ओठांचा चंबू करायचा, आणि तोही डॉक्टरांच्या आदेशावरून! तुम्हाला कुठल्या कॉलेजात एवढी सवलत मिळते?

"स्टोअरबाई, माझ्या दिशेने फुंकर नका घालू."

"का? विझाल?"

"नाही... पेट घेईन."

"मागे कोण बोलतंय?" घड्याळबाई ओरडली. आम्ही दोघंही चार आकडे मोजत छताकडे पाहू लागलो.

घरी चालायचा व्यायाम होता, आणि त्याला एकच मापदंड. चालताना बोलता आलं पाहिजे. बोलता येईना तर वेग कमी करा, गाता यायला लागलं तर वाढवा. एकट्याने बोललात तर लोक वेडे म्हणतील, म्हणून जोड्या लावल्या. माझी जोडी कुणाशी लागली हे सांगायला नकोच. घड्याळबाईचं म्हणणं, वर्गातली सगळ्यात बडबडी माणसं एकाच जागी बांधून टाकली.

पाण्याच्या टाकीभोवती एक रस्ता आहे, तिथे आम्ही सकाळी चालायचो. आधी औषधाचा पंप ओढायचा, दोन मिनिटं थांबायचं, मग निघायचं. गार वारा आमच्या छातीला सोसत नाही, म्हणून नाकावर मफलर. त्यामुळे त्या रस्त्यावर पहिले पंधरा दिवस मला त्याचे फक्त डोळे दिसले. डोळ्यांनी हसणारी माणसं फसवी असतात असं माझी आई म्हणायची. आईला कुणीतरी मफलरवाला भेटला असावा.

पहिल्या आठवड्यात एका फेरीत दोनदा थांबलो. मी मात्र वेळेवर थांबायचे नाही, ओढत न्यायचे स्वतःला, आणि मग एकदम कठडा धरायचे.

"तुमचं एक चुकतं," तो म्हणाला. "लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे थांबली की आतले लोक बोंब मारतात... पडलो, मेलो! खरं तर ब्रेक लागलेला असतो. थांबलीय याचा अर्थ ती पडणार नाहीये. तुम्ही ब्रेक न लावता चढता. कुणी पाहू नये म्हणून."

"मग काय करू?"

"दम लागायच्या आधी थांबा. हक्काने थांबा. आणि नोटीस वाचू नका."

"तुम्ही लेस बांधू नका."

"कबूल."

असं ते ठरलं. चौथ्या आठवड्यापर्यंत आम्ही तीन फेऱ्यांवर आलो. पोटऱ्या दुखायच्या, पण छातीत ती जुनी घाबरगुंडी उठेना. एकदा मी चालता चालता अख्खं वाक्य न तोडता बोलले, तर तो थबकलाच.

"काय झालं?"

"पूर्णविराम ऐकला तुमचा. पहिल्यांदाच."

रोजची वही भरायची होती. किती मिनिटं चाललो, दम किती लागला, शून्य ते दहा. त्याची वही पाहिली आणि मी कपाळावर हात मारला. चौदा दिवस, चौदा वेळा 'तीन'.

"लिफ्टवाले, मी एकतीस वर्षं माल मोजलाय. रोज एकच आकडा आला की समजावं, माणसाने गोदामात पाऊल टाकलेलं नाही."

"बरं... मग काय लिहू?"

"खरं लिहा."

पुढच्या मंगळवारची नोंद त्याने मला दाखवली नाही, वही बाकावर उघडी ठेवून पाणी प्यायला गेला. मी बघणार हे त्याला ठाऊक होतं, मी बघावं म्हणूनच गेला. 'जिना, तिसरा मजला. दम सहा. त्यातले तीन जिन्यामुळे.'

बाकीच्या तिनांची चौकशी मी केली नाही. पण दिवसभर आकडेमोड चुकत राहिली.

मंगळवारी जिना का, तेही सांगते. आमची लिफ्ट वर्गाच्या दुसऱ्याच आठवड्यात सुरू झाली होती. तरीही दर मंगळवारी तो 'तपासणी'ला यायचा. यंत्राच्या खोलीत पाच मिनिटं, माझ्या स्वयंपाकघरात चहाला पन्नास मिनिटं. इतकी काळजी घेतलेली लिफ्ट शहरात दुसरी नसेल. शिवाय घड्याळबाईने जिना चढायला सांगितला म्हणून तो चालतच चढायचा, मीही त्याच्यासोबत. आठवडाभरात इमारतीत कुजबुज सुरू झाली. एका मंगळवारी चहाच्या वेळी सोसायटीचे सेक्रेटरी घाम पुसत दारात उभे.

"अहो, तुम्ही कृपा करून लिफ्टने जा! दुरुस्त करणाराच जिन्याने चढतोय म्हटल्यावर लोक आत पाऊल ठेवायला तयार नाहीत. चौथ्या मजल्यावरचे काका म्हणतात, काहीतरी खोट असल्याशिवाय असं होणार नाही."

"खोट आहे," लिफ्टवाले गंभीरपणे म्हणाले, "पण लिफ्टमध्ये नाही." आणि त्यांनी छातीवर हात ठेवला. सेक्रेटरींना वाटलं फुप्फुसं. मला वाटलं... जाऊ द्या.

आठ आठवडे भरले. लेक आदल्या दिवशीच येऊन ठेपली, सोबत रिकामी मोठी बॅग. ती बॅग दाराशी उभी होती, आणि मला पोलिसासारखी दिसत होती.

चाचणीच्या दिवशी घड्याळबाई रजेवर. तिच्या जागी आलेला मुलगा स्वभावाने गरीब, पण घाईत. "दोघं एकदमच चाला ना," तो म्हणाला. "व्हरांडा रुंद आहे. फक्त बोलू नका."

आम्ही निघालो. पाय हलके होते. पहिली लाल खुर्ची, वळसा, दुसरी लाल खुर्ची. मी आरामात चालत होते... आणि मग माझ्या लक्षात आलं, हा गप्प आहे. बोलायचं नाही हा नियम मला माहीत होता हो. पण आठ आठवडे आम्हाला एकच शिकवलं होतं, की सोबतच्याचं बोलणं बंद झालं म्हणजे त्याला दम लागला, वेग कमी करा. कानांना नियम पटेना. तीनशे वीस डोळ्यांपुढे होते, लेक भिंतीला टेकून बघत होती, आणि तरी माझं पाऊल आपसूक आखडलं. त्याचंही आखडलं. बघा, खरंच थकलाय! मी आणखी सावकाश झाले.

घंटा वाजली. दोनशे बावन्न. पहिल्या दिवसापेक्षा सोळा कमी.

लेकीने तो आकडा पुन्हा एकदा विचारून घेतला. ते फार वाईट होतं. घरी येऊन तिने बॅगची चेन उघडली आणि माझे स्वेटर घड्या घालून आत ठेवायला लागली.

"आई, मी जिंकले म्हणून आनंद नाही झालाय मला," ती पाठमोरी म्हणाली. नाक ओढल्याचा आवाज आला.

मी काय सांगणार? परक्या माणसासाठी हळू चालले? मी टेबलाशी बसून चाचणीचं पाकीट उघडलं. घाईच्या मुलाने दोघांचेही कागद माझ्याच पाकिटात कोंबले होते. माझं अंतर दोनशे बावन्न. त्याचं अंतर दोनशे बावन्न.

स्टोअरमध्ये दोन वेगळ्या पोत्यांचं वजन अगदी सारखं भरलं, की मी पोत्यांकडे बघत नसे. काट्याकडे बघत असे. खालची ओळ वाचली. चालल्यानंतरचा दम... माझा दोन, त्याचाही दोन. दोन! दोन म्हणजे टाकीभोवतीची निवांत फेरी. थकलेल्या माणसाचा दम सहा असतो, सात असतो. म्हणजे तो थकलाच नव्हता. म्हणजे मी त्याच्यासाठी, आणि तो...

"कुठे चाललीस?" लेक ओरडली.

"काटा अडकलाय," मी म्हटलं आणि जिना उतरायला लागले.

दुसऱ्या मजल्यावर तो समोरून वर येत होता. कठडा धरून, ओठांचा चंबू करून, चार आकडे मोजत. मला बघून थांबला. नोटीस नव्हती, लेस नव्हती, दोघांनाही लपायला काही नव्हतं.

"तुम्ही हळू का चाललात?" मी विचारलं.

"तुम्ही... गप्प होतात."

"नियम होता गप्प बसायचा!"

"तो माझ्यासाठी... तुम्ही नियम कधीपासून... पाळायला लागलात?" त्याने दम घेतला. "मला वाटलं, तुम्हाला त्रास होतोय. पुढे निघून जाणं... जमेना. तुमच्या लेकीला सांगायला आलोय. चूक माझी आहे. घर तुमचं जाता कामा नये."

"अर्धी चूक माझी," मी म्हटलं. "मीही तुमच्यासाठीच हळू झाले."

तो हसला. मफलर नव्हता, त्यामुळे डोळ्यांसोबत बाकीचा चेहराही हसताना दिसला. आईचं म्हणणं खोटं होतं.

"आई," वरून आवाज आला. लेक कठड्यावरून वाकली होती, हातात माझा निळा स्वेटर. "म्हणजे तुम्ही दोघं एकमेकांची वाट बघत बघत नापास झालात?"

"हिशेब तसाच दिसतोय," मी म्हटलं.

 स्वेटर खांद्यावर टाकून ती म्हणाली, "काका, वर या. चहा टाकते. आणि उद्या त्या घड्याळबाईंना मी स्वतः भेटणार आहे."

घड्याळबाईने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "एकेकट्याने! दुसऱ्याने खाली, पार्किंगमध्ये थांबायचं. खिडकीत पण यायचं नाही!"

मी एकटी चालले. दुसऱ्या कुणाचा श्वास ऐकायचा नव्हता, फक्त माझा. दोन आकडे आत, चार बाहेर. शेवटच्या मिनिटाला पोटऱ्या तापल्या, दम पाचावर गेला, मी घाबरले नाही. पाच म्हणजे पाच, त्याला दहा समजायचं कारण नाही. घंटा वाजली तेव्हा लेक मोजपट्टी धरणाऱ्या घड्याळबाईच्या खांद्यावरून वाकून बघत होती, आणि मग तिने चारचौघांत मला कडकडून मिठी मारली.

तीनशे चौतीस.

त्याचे तीनशे एकतीस. "तीन मीटर," मी त्याच्या कानाशी म्हटलं. "फार नाहीत."

इमारतीत शिरलो तेव्हा लेक लिफ्टचं दार धरून उभी राहिली. "काका, खात्रीने चालते ना ही?"

"माझ्या जबाबदारीवर जा."

ती वर गेली, बॅग रिकामी करायला. आम्ही जिन्याकडे वळलो. दुसऱ्या मजल्यापाशी तो थांबला आणि खाली वाकला.

"आपलं काय ठरलं होतं?" मी दटावलं.

"अहो... खरंच सुटलीय."

मी पाहिलं. नवे बूट, चालायचे. आणि लेस! पांढरीशुभ्र, जमिनीवर लोळणारी.

"वाकू नका, दम लागेल. पाय वरच्या पायरीवर ठेवा."

त्याने पाय ठेवला, मी लेस बांधायला लागले. माझी मान खाली होती, त्याला माझा चेहरा दिसत नव्हता, म्हणूनच त्याला धीर झाला असावा.

"स्टोअरबाई... मी म्हणत होतो... तपासणीला फक्त मंगळवारी येणं... पुरत नाही."

"लिफ्टला?"

"मला." त्याने श्वास घेतला. "मंगळवारी यावं. बुधवारी असावं... गुरुवारीही. शुक्र..."

शुक्रवारपाशी त्याची हवा संपली. बिचारा ओठांचा चंबू करून उभा राहिला, चार आकडे मोजत, डोळे माझ्यावर. मी घाई केली नाही. गाठ नीट दुहेरी मारली, उठले, त्याच्या कॉलरची घडी सरळ केली.

"शनिवार-रविवार मी धरून चालते," मी म्हटलं. "या."

त्याने माझा हात हातात घेतला. पाच मिनिटं झाली असतील, दहाही असतील. आयुष्यात प्रथमच मी मोजली नाहीत.

वरून लिफ्टचं दार वाजलं आणि लेकीची हाक आली, "आई! अगं कुठे अडकलात?"

"अडकलो नाही गं," मी खालून ओरडले. "थांबलोय!"